सुकरीच्या खांद्यातली सुई

आलापल्ली,
ता. ११ मार्च १९५८

तीर्थरूप दादाजीभाऊंना धाकट्या वारलूचा नमस्कार.

इथे सगळं ठीक आहे. माझी बायको वच्छला सकाळीच मोहफुलं वेचायला जाते. डेपोत सागवानाचा लिलाव जवळ आला आहे, त्यामुळे रजा मिळणं कठीण दिसतं.

तुमचं पत्र पोचून तीन आठवडे झाले. बाबांचं न ऐकता मी रंगूनला गेलो, ते वारले तेव्हाही नव्हतो, तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. एवढ्या वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं. गिरजावहिनींचा हात वर उचलत नाही, तुझ्या चिनी सुयांनी लोकांना उतार पडतो म्हणे, तर ये, असं लिहिलंत. मी ते वच्छलेला दोनदा वाचून दाखवलं.

भाऊ, लिलावाचं खोटं लिहिलं. तो मागेच झाला.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात जंगलातल्या टोल्यावरचा, पाच-सहा झोपड्यांच्या वस्तीतला, लालसू बायकोला घेऊन आला. सुकरी तिचं नाव. मोळ्या वाहून खांदा धरला होता. रंगूनच्या लाकडाच्या वखारीत ज्या चिनी म्हाताऱ्याने मला शिकवलं, तो दर वेळी बजावायचा, खांद्याच्या माथ्यावर सुई तिरपी आणि नखाएवढीच घालायची, खाली फुप्फुस असतं. मला ते पाठ आहे.

मी तिच्या खांद्यात सुई घातली तशी सुकरी म्हणाली, "भाऊ, आत कळ आली."

मी म्हटलं, "येते थोडी. हलू नको."

दुपारपर्यंत तिला धाप लागली. लाकडाच्या ट्रकमध्ये बसवून आम्ही तिला चांद्याला नेलं. गोंडपिपरीत ट्रक तुमच्या घरावरूनच गेला. मी मान वर केली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशाने झालं?" लालसूला त्यांच्याशी बोलायचा संकोच, तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "खोकला होता, साहेब."

त्यांनी खोकल्याचं औषध सुरू केलं. मी व्हरांड्यात बसून राहिलो. आपोआप बरी होईल, कोणाला कळणार नाही, असं मनात घोळवत होतो. दिवस मावळताना तिचे ओठ काळेनिळे पडले. लालसू बाहेर आला.

"भाऊ, सुईचं काऊन नाई सांगितलं?"

तेव्हा मी आत गेलो आणि सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. कुठे टोचली, किती खोल गेली, एवढंच विचारलं.

"किती खोल ते मले दिसलं नाई," मी म्हटलं.

हे मी वच्छलेलाही कधी सांगितलं नव्हतं. वर्ष झालं, मला सुईचं टोक दिसत नाही. कागद लांब धरून वाचता येतो, सुई तशी धरता येत नाही. बोटांच्या अंदाजाने घालत होतो. लोक दोन-दोन दिवस चालत माझ्याकडे येत. लोक विचारतील असं दुसरं काही मला येत नाही, भाऊ. सोडवेना.

फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा साठली होती. डॉक्टरांनी बरगड्यांमधून जाड सुई घालून ती काढली. तासाभराने सुकरी नीट श्वास घेऊ लागली. दवाखान्यात नऊ दिवस राहिली. मध्ये दोनदा ताप चढला, तेव्हा मला अन्न गेलं नाही.

काल टोल्यावर जाऊन आलो. तिने मला बसायला खाट टाकली, पण मी जवळ गेलो तसा पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. लालसू म्हणाला, "जगली ना ते. आता कोणाले टोचू नका."

मी हो म्हणून आलो.

वहिनींना चांद्याच्या डॉक्टरांना दाखवा. मी सोबत येतो, त्यांच्याजवळ बसतो, पण हात लावणार नाही. तुम्ही मला सुयांसाठी बोलावलंत, हे कळतं. नुसता वारलू चालत असेल तर एक ओळ लिहा. चालत नसेल, तर वहिनींना बरं वाटल्याचं तेवढं कळवा.

तुमच्या पाठचा,
वारलू