पंखा निर्दोष होता

अहो,

‘प्रिय’ वगैरे मी तुम्हाला आयुष्यात कधी म्हटलं नाही, आता काय म्हणायचं! तेव्हा आपलं नेहमीचंच ‘अहो’. काल गौरीचा कार्यक्रम झाला आणि त्याआधी मला एक शोध लागला. तो दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, तुमच्याच तोंडावर सांगायला हवा होता. तुमच्या गिटारमागे येणारा तो ‘घूंऽऽ’ आवाज पंख्यामुळे येत नव्हता!

हो, नीट वाचा. पंखा निर्दोष होता.

आठवतंय ना, हे कुठून सुरू झालं? एका गुरुवारी वीज गेली होती. बिबवेवाडीत गुरुवारी वीज जाणं ही काही बातमी नाही. गिटारचा आवाज बदलणाऱ्या त्या तुमच्या पायाने दाबायच्या रंगीत डब्या, ती पेडल्स, त्यांत तुम्ही बॅटऱ्या घातल्यात, सेलवरचा छोटा स्पीकर लावलात आणि वाजवायला बसलात. आवाज कसा, निवळशंख! तुम्ही वर पाहिलंत. पंखा बंद. झालं! ‘सुनंदा, गुन्हेगार सापडला!’ म्हणून ओरडलात. मी कणीक मळत होते, मीही मान डोलावली. वीजच नव्हती म्हणजे एरवी डब्यांना वीज पुरवणारा भिंतीतला अ‍ॅडॅप्टरही बंद होता, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये?

त्या दिवसापासून घरात कायदाच झाला. बाबांनी गिटार काढली की पंखा बंद, मग एप्रिल असो नाहीतर मे. गौरी लहानपणी पाहुण्यांना सांगायची, ‘बाबा वाजवणारेत, रुमाल घेऊन बसा.’ आणि पंखा बंद करूनही घूं थांबेना तेव्हा तुम्ही काय म्हणालात? ‘खालच्यांचा असेल.’ अहो, खरोखर खाली जाऊन जोगळेकरांना पंखा बंद करायला सांगितलंत! जोगळेकर कसले ऐकताहेत. ‘करतो की. आधी तुम्ही गिटार बंद करा, मग मी पंखा बंद करतो.’ तुम्ही वर येऊन पुटपुटत बसलात आणि मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होते.

आणि ती पेडल्स ठोकायला तुम्हाला दुसरं काही मिळालं नव्हतं का हो? माझ्या रुखवतातला शिसवी पाट! त्यावर स्क्रू मारलेत! ‘विकतच्या बोर्डापेक्षा दणकट आहे,’ म्हणे. मी किती दिवस अबोला धरला होता. आता तोच पाट रोज पुसते. काय करणार?

तुम्ही गेल्यावर तो गौरीच्या खोलीत गेला. पहिले काही महिने तिने गिटारला हात लावला नाही. घर इतकं गप्प झालं होतं, की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकायचे. मग एकदा ऑफिसातून आली, दार लावलं आणि आतून सूर आले. माझी भेंडी करपली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर थांबली असती.

मग स्वारगेटजवळच्या एका छोट्या सभागृहात तिला वाजवायला बोलावलं. एकटीचा, पहिलाच कार्यक्रम. आधीच्या रविवारी आवाजाची चाचणी द्यायला गेली आणि थोड्याच वेळात परत आली. चपला एक इकडे, एक तिकडे.

‘साउंडवाला म्हणतो, एवढा नॉइज चालणार नाही. पेडल्स काढा आणि गिटार डायरेक्ट लावा.’

‘मग लाव.’

‘बाबांची पेडल्स घरी ठेवून मी स्टेजवर जाऊ? मला नाही वाजवायचं. कॅन्सल.’

तुमचीच मुलगी. एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी नाही! आत्ता हिने गिटार खाली ठेवली, तर पुन्हा उचलणार नाही, असं मनाने घेतलं. ते गप्प घर मला पुन्हा नको होतं.

तुमच्या ग्रुपमध्ये कीबोर्ड वाजवायचे त्या अन्वरभाईंना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाले, ‘वहिनी, पंखा बंद करून बघितलात का?’ धन्य आहे! त्यांनाही बिघडवून ठेवलंत तुम्ही.

मग म्हटलं, आपणच बघू. चहाला वास यायला लागला तर काय करतो? दूध बदलून बघतो, मग पावडर, मग पातेलं. सगळं एकदम बदललं तर काय कळणार, कपाळ? गौरीला म्हटलं, सगळ्या वायरी काढ आणि एकच डबी ठेव. तिने आवाज खरखरीत करणारी ती केशरी डबी ठेवली, आत बॅटरी घातली आणि मोठ्या स्पीकरला जोडली. मी उठून पंखा पाचवर केला.

‘आई, पंखा!’

‘असू दे. वाजव.’

पंखा गरागरा फिरतोय आणि घूं नाही! आम्ही दोघी एकमेकींकडे बघून जे हसत सुटलो! हसता हसता मला रडू आलं. तुम्ही तिथे असायला हवे होतात हो.

मग तीच डबी अ‍ॅडॅप्टरवर लावली. गप्प. शेजारी हिरवी जोडली. गप्प. प्रतिध्वनी देणारी ती निळी जोडली मात्र, आणि आला, ‘घूंऽऽ’, वर बारीक ‘चींऽऽ’सुद्धा. सापडली! तुम्ही एकाच अ‍ॅडॅप्टरमधून सगळ्यांना माळेसारखी वीज दिली होतीत. निळी डबी डिजिटल. ती वीजही जास्त खाते आणि आपली कुरकुर त्याच वायरीतून बाकीच्यांकडे पाठवते. केशरीचं काम तर मिळेल ते मोठं करणं. एकीने कुजबुजायचं आणि दुसरीने गावभर करायचं! निळीला वेगळा अ‍ॅडॅप्टर दिला, तसा आवाज जवळजवळ गेला. अ‍ॅडॅप्टरच्या वायरी गिटारच्या वायरीला चिकटून होत्या, त्या लांब केल्या, तसा उरलासुरलाही गेला. नंतर गौरीने प्रत्येक डबीला स्वतंत्र वीज देणारी पेटीच आणली.

एवढंच होतं हो! आणि तुम्ही असतात तर वर तोंड करून म्हणाला असतात, ‘मी म्हणतच होतो.’

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. तुम्ही माझी नेलपॉलिश चोरून प्रत्येक बटणावर खुणा केल्या होत्यात ना, कुठपर्यंत फिरवायचं त्याच्या? गौरीने केशरी डबीचं बटण खुणेच्या पार पुढे नेलं.

‘अगं, बाबांची खूण मागे राहिली.’

‘आई, तो नॉइज ऐकू येऊ नये म्हणून बाबा कमी ठेवायचे. आता कशाला कमी ठेवू?’

बरोबर होतं तिचं. मी आत निघून आले आणि उगाच ओटा पुसत राहिले. तुमचा आवाज राहावा म्हणून मी एवढी धडपड केली, आणि तोच तिने बदलला!

काल अन्वरभाई माझ्या शेजारी बसले होते. गौरीने शेवटी तुम्ही बांधलेली ती चाल घेतली, आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला वाजवायचात ती. तुम्ही ती घाईघाईने वाजवायचात. हिने संथ घेतली. शेवटचा सूर लांबवत नेला, बारीक होत होत तो संपला आणि सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. तो सूर तुमचा नव्हता. तिचा होता. क्षणभर काळजात कळ आली. मग इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की मीच सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

‘वहिनी, ही त्याच्यासारखी नाही वाजवत,’ अन्वरभाई डोळे पुसत म्हणाले.

‘नाही वाजवत,’ मी म्हटलं. ‘छान वाजवते.’

रिक्षात तिने हळूच विचारलं, ‘आई, बाबांना आवडलं असतं?’ मी म्हटलं, ‘आधी नावं ठेवली असती. मग तू ऑफिसला गेल्यावर तसंच वाजवून बघितलं असतं.’ खरं की नाही, तुम्हीच सांगा!

आता एक शब्द देते आणि थांबते. गौरी त्या बटणांचं काहीही करो, तुमच्या चालीचं काहीही करो, ‘बाबा असं वाजवायचे नाहीत’ हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघणार नाही. तुम्ही कसं वाजवायचात ते मला पाठ आहे. तिने तिचं वाजवावं, मी ऐकेन.

तुमचीच,
सुनंदा