अर्ध्यावरचा काटा

आण्णा, तुम्ही गेलात तरी तुमची पिकअप अजून दारात उभी आहे. पत्रा ठिकठिकाणी गंजलाय, डाव्या दाराची काच हाताने वर ओढावी लागते, पण इंजिन चालतं. आठवड्यातून दोनदा मी तिच्यातूनच आईला कोल्हापूरला डायलिसिसला नेते. त्या दिवशी कागलच्या कंपनीत अर्धी रजा टाकते. सुपरवायझर काही बोलत नाही, फक्त घड्याळाकडे बघतो. हे तुम्हाला सांगून काय होणार आहे म्हणा, पण दुसऱ्या कुणाला सांगायचा आता कंटाळा आलाय.

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या वाटेवर कळे गावाच्या अलीकडे गाडी बंद पडली. डिझेल संपलं होतं. तुमच्या वेळेपासून डिझेलचा काटा अर्ध्यावरच उभा असतो, म्हणून मी किलोमीटर बघून डिझेल भरते. भावाने मधे शेणखताच्या खेपा मारल्या आणि सांगायचं विसरला. आई शेजारी बसलेली, पाय सुजलेले, श्वास जड. रस्त्यावरच्या एका अनोळखी पावण्याने मोटरसायकलवरून कॅनमध्ये डिझेल आणून दिलं, मग मी बॉनेट उघडून हातपंप मारत लाइनमधली हवा काढली. दवाखान्यात पोचलो तेव्हा तिचा नंबर गेला होता. दुपार कलेपर्यंत बाकड्यावर बसून राहिलो. ती मला एका शब्दानेही बोलली नाही, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

त्या रविवारी सकाळी मी गाडीखाली शिरले. खरं तर हे काम मी डिप्लोमाला असतानाच करणार होते. तुम्ही अंगणात बांबूची काडी टाकीत घालून डिझेल मोजत होता आणि मी कॉलेजात शिकलेलं दाखवायच्या उत्साहात पाना घेऊन आले. तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेतलात. “गाडी माझी हाय. त्यात हात घालायचा न्हाय.” आवाज चढवला नव्हता, पण तसं तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हता. मला वाटलं, मुलगी म्हणून. पुढे बरीच वर्षं तेच वाटत राहिलं.

तर त्या रविवारी मी चावी फिरवते, टाकीवरची वायर सोडवते आणि तिचं टोक चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, टेकवते. केबिनमध्ये बसलेला भाऊ सांगतो, काटा फुलवर गेला. म्हणजे मीटर चांगला, वायर चांगली, दुखणं टाकीच्या आत. पट्टे सैल करून आम्ही दोघं टाकी उतरवतो. वरचे स्क्रू काढून मी काटा हलवणाऱ्या, डिझेलवर तरंगणाऱ्या गोळ्याची दांडी बाहेर ओढते, आणि बघते तर ती दांडी तांब्याच्या तारेने मधोमध बांधून टाकलेली. घट्ट पीळ घालून, टोकं आत दुमडून, तुम्ही बांधायचा तशी. तार कापली. वायर पुन्हा जोडून दांडी वरखाली करून बघितली, तर काटा तिच्यासोबत मुकाट्याने वरखाली झाला. काहीच बिघडलेलं नव्हतं, आण्णा.

आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून लसूण सोलत होती. मी तार तिच्यासमोर धरली. तिने ती ओळखल्यासारखी बघितली.

“त्येनी बांधलीती,” ती म्हणाली.

“तुला ठावं हुतं?”

“मग.”

मग हळूहळू तिने सांगितलं. भाऊ तान्हा असताना माहेरी जाताना गगनबावड्याच्या घाटात डिझेल संपलं होतं. तुम्ही डिझेल आणायला चालत गेलात आणि ती पोराला पदराखाली घेऊन धुक्यात एकटी बसून राहिली. तेव्हापासून काटा खाली उतरायला लागला की तिच्या हाताला घाम सुटायचा. शेवटी तिने माहेरी जाणंच सोडलं. मग एके दिवशी तुम्ही म्हणालात, इंजिनचं काम करून घेतलंय, आता डिझेल कमी खातंय, चल. ती गेली. काटा जातानाही अर्ध्यावर, येतानाही अर्ध्यावर.

“हाताचा डिझेलचा वास लपतोय व्हय?” आई म्हणाली. “पर माझ्यासाठी केलतं. मग कशाला इचारायचं.”

तिने पुन्हा लसूण हातात घेतला. मी तिथेच उंबऱ्यात बसले. तुम्ही माझ्या हातातून पाना का काढून घेतला ते इतक्या वर्षांनी कळलं आणि तुमच्यावर रागवायचं एक कारण कमी झालं. बरं वाटायला हवं होतं. नुसतंच दमल्यासारखं झालं.

आता काटा खरं दाखवतो. निघताना आई त्याच्याकडे बघत नाही, खिडकीबाहेरचा ऊस बघते. पंपावर थांबले की डोळे मिटून घेते.

परवा डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. म्हणाले, आता डायलिसिसने फारसा फरक पडणार नाही, किती दिवस करत राहायचं ते घरच्यांनी ठरवा. बाहेर आल्यावर आईने विचारलं, काय म्हणाले. मी म्हणाले, मागच्यासारखंच आहे सगळं. ती माझ्या तोंडाकडे बघून “बरं” म्हणाली आणि माझा हात धरून गाडीत चढली. भावालाही मी अजून काही सांगितलेलं नाही. हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून एवढं तरी लिहिता आलं.