पिवळ्या झेंडीवरचा लाल डाग

अहो, मारोतीचे आजोबा,

सुमन म्हणते, पत्राच्या वर नाव लिहावं लागतं. पन्नास वर्षं जे नाव तोंडातून निघालं नाही, ते आता तुम्ही गेल्यावर घेऊ? एवढ्यावरूनच ओळखा. फाटकावर उभे राहून मालगाडी दुरूनच ओळखायचात, मला नाही ओळखणार?

मी सांगते आहे आणि आपली नातसून सुमन लिहिते आहे. मी ‘मले’ म्हटलं की ती ‘मला’ लिहिते. धुऊन वाळवलेली बाई वाटेन तुम्हाला. वाटू द्या.

आजच का लिहिते? सकाळी शर्यतीच्या साहेबाचा माणूस आला होता. उद्या बल्लारपूरच्या खाणीमागच्या रानात पुन्हा फटफट्यांची शर्यत आहे. म्हणाला, “आजी, आजोबांची पिवळी झेंडी द्या. तळ्याच्या वळणावर तीच फिरवू. तेवढाच त्यायचा मान.” त्याच वळणावरून उद्या आपला मारोती जाणार आहे. हो, तोच! बैलांच्या खासरातून पडला म्हणून आठ दिवस रडणारा. मी पेटी उघडली, झेंडी बाहेर काढली, उलगडून पाहिली, आणि तशीच परत आत ठेवली.

किती जीव होता तुमचा त्या कामात! रेल्वेच्या फाटकावर जन्मभर झेंडी धरली. पेन्शन झाली, आता तरी घरी बसाल, तर शर्यतीच्या साहेबाने झेंडी धरायला बोलावलं आणि निघालात टोपी झटकून. मला समोर बसवून शिकवायचात. पिवळी म्हणजे पुढे धोका, हळू व्हा, कोणी कोणाला ओलांडू नका. लाल म्हणजे असाल तिथे थांबा. घड्याळवाल्याने घड्याळावरून नजर काढू नये. तपासणीवाल्याने सख्ख्या भाच्याच्या गाडीचाही ब्रेक दाबून पाहावा. आणि झेंडीवाल्याने जागा सोडू नये.

“अन् फटफटीवाल्यानं काय करावं?” मी विचारलं होतं.

“त्यानं झेंडीवर इस्वास ठेवावा. बाकी आपलं काम.”

मी म्हटलं, यापेक्षा शंकरपटात धावणारे बैल बरे, त्यांना एवढं पाठ करावं लागत नाही. दोन दिवस बोलला नव्हतात!

मग गेल्या वर्षीची शर्यत दोन दिवसांवर आली आणि तुमची पिवळी झेंडी उंदरांनी कुरतडली. दुकानात पिवळं कापड नाही. मीच जुन्या धोतराचा तुकडा हळदीत बुडवून दिला. “रेल्वेच्या झेंडीपरीस चांगली झाली,” म्हणालात. माझ्या भाजीला असं कधी म्हणाला नाहीत.

आणि ती घडी करून ठेवलीत कुठे? चुन्याच्या डबीच्या खिशात! झाकण तर तिचं नेहमीच सैल. तंबाखू सोडा, नाही तर डबी तरी बदला, किती वेळा सांगितलं होतं? उन्हात घामाने खिसा भिजला. हळद, चुना आणि ओल. त्याचं काय होतं, कोणतीही बाई सांगेल. त्याचं कुंकू होतं.

वळणावर एक फटफटी घसरली. तुम्ही जागा सोडली नाहीत. नजर त्या पडलेल्या माणसावर, म्हणून हातातली झेंडी न बघताच फिरवली. मागून आला दौलत, आपल्या सुमनचा भाऊ. त्याला लाल दिसली. लाल दिसली की थांबायचं, म्हणून त्याने भर वळणात ब्रेक दाबला, आणि गाडी फरफटत तुमच्या अंगावर आली.

दवाखान्यात दोन दिवस तुम्ही म्हणत राहिलात, “म्या पिवळीच दाखवली.” बाहेर दौलत रडत होता, “मले लालच दिसली.” साहेबांनी ठरवलं, पोरगा घाबरला आणि आता खोटं बोलतो. त्याचं नाव शर्यतीतून कायमचं काढलं. आणि झेंडीवरचं लाल? ते सगळ्यांनी रक्त समजलं.

मला माहीत होतं. रक्त वाळून काळं पडतं. हे पडलं नाही. तुमच्या झेंडीला कुंकू लागलं आणि माझं पुसलं गेलं.

दोघंही खरं बोलत होतात. आणि मी गप्प बसले.

इथे सुमनचा हात थांबला.

“आजी, वर्ष झालं, माझा भाऊ तोंड लपवून फिरून राह्यला. अन् तुमाले माहीत होतं?”

“होतं व बाई.”

“मंग काऊन नाई सांगितलं?”

“भेव लागलं. बाया म्हणतीन, हिनंच नवऱ्याले खाल्लं.”

“अन् आता?”

“आता त्याहून जास्ती भेव लागून राह्यलं.”

ती टाक ठेवून उठली. मला वाटलं, गेली. दारात जाऊन नाक पुसलं, परत येऊन बसली. म्हणाली, “सांगा पुढं. पण हे आत्ताचं बोलणं मी धुऊन लिहिणार नाई.”

म्हटलं, नको धुवू बाई. असंच वाचा तुम्ही.

दुपारपासून डोळ्यांपुढून ते वळण हलत नाही. मारोती तुमचा चेला, झेंडीवर डोळे मिटून भरवसा ठेवणारा. ही अर्धी पिवळी, अर्धी लाल झेंडी त्याच्यासमोर फडकली तर? तो थांबेल आणि मागचा येत राहील. 

तर ऐका. तुमची झेंडी पेटीतच राहील, मान गेला खड्ड्यात. उद्या साहेब सगळ्या फटफटीवाल्यांना उभं करून नियम वाचतो, तेव्हा मी तिथे जाईन. हळदीचं फडकं ओलं करून सगळ्यांसमोर त्या फडक्याला चुना लावून लाल करून दाखवीन. विचारीन, गाड्यांचे ब्रेक तपासता, मग झेंडी कोण तपासतं? आणि दौलतचं नाव घेईन, मोठ्याने. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.  तुम्ही जागा सोडली नाहीत, मीही सोडणार नाही. हा माझा शब्द.

मारोतीवर लक्ष असू द्या. तिकडून झेंडी दाखवता येत असेल तर दाखवा. पण या खेपेला आधी बघून घ्या!

तुमचीच,
मारोतीची आजी

खालचा अंगठा हळदीचा आहे, शाई पत्रातच संपली. हा कागद चुन्याच्या डबीच्या खिशात ठेवू नका.