दुसरा ब्रेक

प्रिय धाकटोबा,

'ताई, तू आत्ता भावनेच्या भरात आहेस, आपण नंतर बोलू,' असं म्हणून तू फोन ठेवलास. बरं केलंस. मी पुढे जे बोलणार होते ते तोंडून नीट निघालं नसतं, आणि निघालं असतं तर तू मला डॉक्टरी आवाजात शांत केलं असतंस. तो आवाज मला सहन होत नाही. लिहिताना निदान तू मला मध्येच तोडू शकत नाहीस.

हे पत्र रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगते. काल रोजनिशी उघडून मी हा राग उलटसुलट करून पाहिला. हा मुलीचा राग आहे की गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टचा? नुसता मुलीचा असेल तर तो तुझ्यावर काढायचा मला हक्क नाही, कारण बाबा तुझेही आहेत. बराच वेळ विचार केला. मुलीचा वाटा आहेच. पण तो बाजूला काढून ठेवला तरी जे उरलं ते काही कमी नव्हतं.

बाबा कसे आहेत ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. अर्धांगाच्या झटक्यानंतर हात बराच सुधारलाय, चमचा धरतात. बोलणं जड आहे पण कळतं. प्रश्न घशाचाच आहे. एक बाजू झोपलेलीच आहे, आणि पाणी श्वासनलिकेत गेलं तर ठसका लागून ते कळेल याची खात्री नाही. तरीही मानेवर बोटं ठेवली की कंठमणी वर सरकतो, उशिरा आणि अर्धवट, पण सरकतो. गिळणं परत येईल का ते सांगणारा जो स्कोअर तू बनवलास, त्याला तो सरकणारा कंठमणी दिसत नाही. वय, झटक्याची जागा, खोकल्याचा जोर, आवाजातला ओलसरपणा एवढं कॉम्प्युटरला सांगितलं आणि त्याने सांगून टाकलं की हा माणूस पुन्हा तोंडाने जेवणार नाही. मग नाकातली नळी काढून पोटात कायमची बसवली, व्यायाम बंद केले आणि उशाशी पाटी लावली, 'तोंडाने काहीही देऊ नये'. बाबा त्या पाटीकडे बोट करून प्रत्येक नव्या सिस्टरला सांगतात, 'हे गणित माझ्या मुलाचं.' अर्ध्या ओठांनी हसतात. सिस्टरना वाटतं, हिशेबाचा काहीतरी विषय असावा.

घरच्या माणसावर आपण उपचार करायचे नाहीत हा आमच्या विभागाचा नियम आहे आणि तो बरोबर आहे. म्हणून मी नातेवाइकांच्या रांगेत उभी राहून वॉर्डच्या डॉक्टरांना विचारलं, की निदान गिळतानाचा हलता एक्स-रे तरी काढा, घास नेमका कुठे जातो ते दिसेल. ते म्हणाले, 'स्कोअर तुमच्या भावाचाच ना? आम्ही परके असून विश्वास ठेवतो, आणि घरचेच शंका काढतात!' शेजारी उभे असलेले दोघे हसले. मीही हसले. जिना उतरेपर्यंत ते हसू माझ्या तोंडावर तसंच होतं आणि मला स्वतःचीच चीड येत होती.

आता मुद्द्याचं. तुझा स्कोअर ज्या पेशंटवरून बनवलास, त्यांतले 'नापास' कोण, असं मी तुला फोनवर विचारलं. तू म्हणालास, ज्यांची पोटातली नळी कधी निघाली नाही ते. मी विचारलं, निघू शकली असती का हे कुणी तपासलं? आणि तिथे तुला माझ्या भावना दिसल्या. अरे, त्यांतले कितीतरी आमच्याच वॉर्डातले होते. एकदा पोटात नळी बसली की त्यांच्याकडे कुणी चमचा घेऊन जात नसे. त्यांचं पोट भरत होतं, खाट रिकामी करायची होती, त्यांना घरी पाठवलं. ते गिळू शकले नाहीत असं नाही, त्यांना कुणी गिळायलाच दिलं नाही. ते सगळे तू 'येत नाही'च्या खात्यात टाकलेस. आता तुझा स्कोअर म्हणतो यांना येणार नाही, म्हणून नळी बसते, म्हणून कुणी प्रयत्न करत नाही, म्हणून येत नाही, आणि दर वर्षी तुझा स्कोअर अधिकच अचूक ठरतो. हे तुला दिसलं नाही? परिषदेत तू तो मांडलास आणि टाळ्या वाजल्या त्या दिवशी तरी?

बाबांची ती ड्रायव्हिंग शिकवायची गाडी आठव. शेजारच्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक होता. अर्ध्या गावाला त्यांनी त्या गाडीत शिकवलं, आणि शेवटी तुला. पोस्टामागच्या चढावर गाडी मागे घसरायला लागली तेव्हा तू रडकुंडीला आला होतास. मी मागच्या सीटवर बसून मोठमोठ्याने देवाचं नाव घेत होते, त्याचा तुला जास्तच त्रास झाला. बाबांचा पाय ब्रेकवर होता, पण त्यांनी तो दाबला नाही. खिडकीतून बाहेर बघत बसले, जसं काही गाडी दुसऱ्याच कुणाची आहे. आणि तू गाडी चढवलीस. आईने घरी त्यांची खरडपट्टी काढली तेव्हा ते म्हणाले, 'पाय होता की माझा. पण मीच दाबला असता तर याला काय येतं ते कळलं कसं असतं?' आमचं काम तेच आहे रे. पेशंटसमोर घट्ट केलेल्या पाण्याचा चमचा धरायचा, शेजारी घसा साफ करायचं यंत्र तयार ठेवायचं, बोटं कंठमण्यावर, आणि पाय ब्रेकवर. तू तर ब्रेक आधीच दाबून ठेवलास आणि गाडीतून उतरून गेलास.

बाकी बातम्या अशा. शेजारच्या खाटेवरचे काका रोज म्हणतात, 'तुमचं बरं आहे बुवा, इथलं जेवण चाखावं लागत नाही,' आणि बाबा खरोखर हसतात. आई त्यांच्यासमोर जेवत नाही. डबा घेऊन जिन्यात जाऊन बसते आणि येताना तोंड धुऊन येते, म्हणजे वास येऊ नये. बाबांना हे कळतं. ते आईला 'जाऊन आलीस का फिरून?' असं विचारतात.

माझंही चुकत असेल. हे मी स्वतःला रोज सांगते. घास चुकीच्या वाटेने गेला, फुप्फुसात संसर्ग झाला, तर जबाबदार मी असेन, तुझा स्कोअर नव्हे. तुझ्या स्कोअरने काही माणसं वाचलीही असतील, ते मी नाकारत नाही. म्हणूनच मी त्यांना चोरून काही भरवलेलं नाही. डॉक्टरांच्या मागे लागून, भांडून, एकदा तर त्यांच्या गाडीपर्यंत मागे जाऊन, अखेर एक्स-रेची आणि व्यायामाची परवानगी मिळवली. एक्स-रे गुरुवारी आहे. तोवर माझी सहकारी व्यायाम सुरू करणार होती. एक्स-रेत घास चुकीच्या वाटेला जाताना दिसला तर मी गप्प बसेन, नळीची काळजी कशी घ्यायची ते आईला शिकवेन. पण गाडीत बसवल्याशिवाय नापास करू देणार नाही.

तुला लिहायचं कारण मात्र आज सकाळी घडलं. सहकारी आली, बाबांना नीट टेकवून बसवलं, मान खाली घ्यायला सांगितलं आणि चमचा ओठांजवळ नेला. बाबांनी तोंड मिटलं. तिला वाटलं, दमले असतील. ती गेल्यावर मी रागावून विचारलं, बाबा, हे काय? ते शब्द जुळवत, थांबत थांबत म्हणाले, 'धाकट्याचं गणित सगळीकडे वापरतात ना? मग मीच कशाला ते खोटं पाडू?' आणि पाटीकडे बघून हसले. माझं ते ऐकत नाहीत, आईचं ऐकत नाहीत. तेव्हा तू ये. गुरुवारच्या आत ये. फोन करू नकोस, फोनवर ते तुझ्याशी फक्त 'मी मजेत' एवढंच बोलतात. त्यांच्या शेजारी बस, ब्रेकच्या बाजूला ते बसायचे तसा, आणि त्यांना सांग की तुझं गणित चुकलं तर तुला आनंद होईल. खरंच होईल का, मला ठाऊक नाही. वाटेत स्वतःला विचार. नाही असं उत्तर आलं तरी त्यांच्यासमोर हो म्हण. त्या खोट्याबद्दल मी तुला लगेच माफ करेन. बाकीचं नंतर बघू.

तुझीच, राग अजून न गेलेली,
ताई