रद्द करण्याआधी काय विचारायचं

१० नोव्हें., सोम.
दुरुस्ती. शनिवारी लिहिलं की दाताच्या दवाखान्याचे फोन घेणाऱ्या आमच्या एआय एजंटने मेश्राम काकूंची अपॉइंटमेंट रद्द केली. काकूंची नाही, काकांची. काकूंनी फोनवर 'माझं राहू द्या, मी येत नाही' म्हटलं. त्या नंबरवर अख्खं घर. एजंटने पहिलं नाव धरलं. काका सुजलेला गाल घेऊन समता कॉलनीतल्या दवाखान्यात पोचले, तर खुर्चीवर दुसराच.
एजंट मूर्ख आहे, असंही लिहिलं होतं. तेही खोडते. त्याला दिसतं काय? रद्द करायच्या टूलचं नाव आणि मी लिहिलेलं वर्णन: 'मोबाईल नंबरावरून रुग्णाची अपॉइंटमेंट रद्द करते.' एक नंबर म्हणजे एक माणूस, हे लिहिलं कोणी? जिच्या नंबरवर आईचा गॅस, बाबांची पेन्शन आणि मामाचं आधार आहे तिने.

११ नोव्हें., मंगळ.
नवं वर्णन. नंबर, नाव, वय, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, कुठला पारा म्हणजे मोहल्ला, कुठला दात, नक्की रद्द करायची का, घरी विचारलं का... दीड पान. वि. भैया (कंपनी त्यांचीच) स्क्रोल करत राहिले. "दीदी, ये टूल है कि शपथपत्र?"
तरी एजंटला लावलं.

१२ नोव्हें., बुध.
लावायला नको होतं. ब्राह्मणपाऱ्याच्या एका आजोबांचं रेकॉर्डिंग ऐकलं. एजंट: "घरी विचारलंत का?" आजोबा: "अवो बाई, घरचे मलेच विचारून राहिले साठ वर्षांपासून!" पुढे दाताचा प्रश्न आला तसे ते म्हणाले, "राहू दे, येतोच मी." रद्द करायला फोन केला होता. कंटाळून आले आणि दात काढून गेले.
डॉक्टर मॅडमचा भैयांना फोन. सोमवारी शेवटचं बघतील, मग रिसेप्शनला माणूस ठेवतील. आमच्या कंपनीचं गिऱ्हाईक हा एकच दवाखाना. तो गेला तर माझं काम कशाला...
भैया म्हणाले, "एजंट बिलकुल आप पर गया है."

१३ नोव्हें., गुरु.
एकही वाक्य काढवत नाही. काढलं की त्यामागे कोणीतरी गाल धरून उभं दिसतं.
ही बाबांची शिकवण. ते रेल्वेत, स्टेशन आडगावी, म्हणून चौथीपर्यंत शाळा घरीच. निबंधावर शेरा एकच: अजून लिही.
संध्याकाळी मामेभाऊ पहिल्यांदाच तात्यापाऱ्यात आमच्या घरी येत होता. बाबा फोनवर रस्ता सांगत होते. पहिली गल्ली दिसेल ती घेऊ नको, पिवळं घर होतं ते आता पांढरं आहे, तिथे पूर्वी चक्की होती... तो चौकात उभा. आईने फोन ओढला. "काहून डोकं खाऊन राहिले पोट्ट्याचं? अरे, मंदिरासमोरच्या गल्लीत ये. दोन दरवाजे एकसारखे हायेत, निळी स्कूटी असन तो आपला. नाही समजलं तं तिथूनच आवाज दे."
आला.
आई सगळं सांगतच नाही. चूक होईल तिथलं सांगते, आणि अडलं तर काय करायचं ते.

१४ नोव्हें., शुक्र.
चार ओळी.
'ठरलेली अपॉइंटमेंट रद्द करते. फक्त तारीख बदलायची असेल तर हे वापरू नये, त्यासाठी वेगळं टूल आहे. एका नंबरवर घरातले अनेक जण असतात. कोणाची रद्द करायची ते नावाने विचारावं. त्या नावाचे दोघे निघाले तर रद्द न करता फोन रिसेप्शनला द्यावा.'
चाचणी. भैया काकूंच्या आवाजात बोलले, अख्खं ऑफिस हसलं. एजंट नाही हसला. नाव विचारलं, काकूंचीच रद्द केली.
घरी बाबांनी चष्मा लावून वाचलं. "ठीक आहे. पण बाई रडून राहिली असन तं?"
झालं.

१५ नोव्हें., शनि.
रडणाऱ्या बाईची ओळ लिहिली. खोडली. रडणारी रद्द कशाला करेल? भीतीने करेल. परत लिहिली. मग रडणारा पुरुष? खोडली.
भैया: "लगा दूँ?" म्हटलं, नको, मीच लावते. आज दवाखान्यात गर्दी, उद्या बंद.
रविवारभर लॅपटॉप आईच्या ताब्यात. तिला सांगितलंय, मागितला तरी देऊ नको. "हव," म्हणाली, "पण रडून मागितला तं?"
सोमवार, १७ नोव्हें., दवाखाना उघडायच्या आधी. चार ओळी. मी स्वतः लावणार.