बंपरला आवळलेला हुक

आबा, लिहायला बसले आहे खरी, पण मला येतं तेवढंच येतं. तिसरीतून शाळा सोडवलीत ती तुम्हीच, भाता ओढायला माणूस नव्हतं म्हणून. तेव्हा चुका काढू नका. तुम्हाला तरी कुठे वाचता येत होतं. आपल्या भट्टीच्या जागी आता वेल्डिंगचं मशीन आहे, समोर ज्वारी असायची तिथे कंपनीची भिंत आली, आणि शिफ्ट सुटली की मोशीचा रस्ता ओलांडायला पाव तास जातो. काम मात्र तेच. खाणीत, नदीत उतरणारे ट्रक येतात. रुतला तर ओढायची साखळी अडकवायला काहीतरी हवं, म्हणून पुढे हुक लावून मागतात. मी तुमच्याच रीतीने लावते. चासीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, आरपार भोक, जाड बोल्ट, मागून बोटभर जाडीची पाटी, आणि ओढताना साखळीवर ओली पोती, तुटली तर उसळू नये म्हणून. लोकांना वाटतं बाई उगाच वेळ काढते. त्यांना वाटू दे.

त्या खंडेनवमीचं लिहायचं आहे. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. लष्कराने लिलावात काढलेले लढाईतले ट्रक आपल्याकडे वाळूवाल्यांनी घेतले होते. चारही चाकं ओढणारे, पण इंद्रायणीच्या गाळापुढे तेही गप्प. तुमचे हुक तेव्हा चाकणपर्यंत माहीत होते. मी सासर सोडून आले त्याला दोन वर्षं झाली होती. तुम्ही एकदाही का आलीस म्हणून विचारलं नाहीत. घण हातात दिलात, आणि म्हणालात, "रडायचं आसल तर भट्टीपुढं रड, धूर लागला म्हणता येतं." पण बाहेर जायला दुसरी वाटही ठेवली नाहीत. घर आणि भट्टी यांच्यात दहा पावलं, तेवढंच माझं जग. मला एकदा तरी एखादं काम माझं म्हणून करायचं होतं.

सकाळीच तुम्ही सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडलीत. घण, सांडशी, पाने, हाताने फिरवायचं ड्रिल. हळदकुंकू, झेंडू. घडवून ठेवलेले आठ हुक तेवढे कोपऱ्यात परातीखाली झाकलेले, एकाचं टोक बाहेर. "दसऱ्यापतुर कशालाबी हात लावायचा न्हाई," म्हणालात आणि पुनावळ्याला आत्याकडे गेलात. तुमची पाठ वळते न वळते तोच वाळूवाल्याचा म्हातारा ड्रायव्हर ट्रक घेऊन दारात उभा. त्याच्या मालकाला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी नदीत ट्रक उतरवायचा होता.

"आबा न्हाईत. परवा या."

"परवा नदीत उतरायचंय गं बाय. हुक तर तयार दिसतोय त्यो."

"हत्यारं पुजलीत."

"मग लोहाराची लेक नुसती बघायलाच बसलीय व्हय?"

एवढंच म्हणाला. तेवढं पुरलं मला. बाजेखाली एक जुना पाना पडलेला होता, तोंड फाकलेला, पूजेत न घेतलेला. त्याला हात लावायला देव आडवा येत नव्हता. पण ड्रिल पाटावर, झेंडूखाली. ड्रिलशिवाय चासीला भोक पडत नाही. बंपरला मात्र लष्कराची भोकं तयार होती. बारीक होती. त्यात बसतील असे बोल्ट मी भंगाराच्या डब्यातून काढले, मागे पाटी नाही, काही नाही, आणि तुमचा तो सुंदर हुक बंपरला आवळला. म्हातारा बघत होता. "बसला की झ्याक!" म्हणाला. आबा, मी देवाला भ्याले, तुम्हाला भ्याले, लोखंडाला तेवढी भ्याले नाही.

तुम्ही आल्यावर सांगितलं, परातीखालचा एक हुक गेला, तो वाळूवाल्याने नेला, घरी लावून घेणार आहे. तुम्ही मान डोलावलीत. मग दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी निरोप आला, ट्रक नदीत रुतलाय, आबांना बोलवा. आपण दोघं गेलो. अजून डोळ्यांपुढे आहे. ट्रकचं नाक गाळात गेलेलं, बंपर दिसत नाही, हुकाचं टोक तेवढं वर. काठावर दुसरा ट्रक ओढायला उभा. तुम्ही गुडघाभर गाळात उतरून साखळी अडकवता, पोती भिजवून वर टाकता, आणि माझ्याकडे वळून विचारता, "ह्यो चासीलाच लावलाय ना त्यांनी? तू बघितलंस?"

म्हातारा ड्रायव्हर माझ्याकडे बघतो. मी त्याच्याकडे. आम्ही दोघंही अडकलेलो, ट्रकपेक्षा खोल. खरं बोलले तर त्याची नोकरी जाते, आणि माझ्या हातात तुम्ही पुन्हा पाना देत नाही. दहा पावलांतलीही पाच जातात.

"व्हय," मी म्हणाले. "चासीलाच."

साखळी ताणली, ट्रक हलला, लोक ओरडले, आणि म्हाताऱ्याचा पाय गाळात सरकून तो साखळीच्या रेषेत आला. ज्या रेषेत उभं राहिलं तर तंगडं मोडीन, असं तुम्ही मला सांगायचात, त्या रेषेत तुम्ही स्वतः गेलात त्याला ढकलायला. बोल्ट तुटले. हुक पोत्यासकट उडाला आणि तुमच्या उजव्या कोपरावर बसला. सगळे तुमच्याकडे धावले. मी साखळीकडे धावले. हुक अख्खा होता आबा. ओरखडासुद्धा नव्हता त्याच्यावर. मी तो सोडवला आणि डोहात टाकला. मग तुमच्याजवळ येऊन म्हणाले, "हुक मानंत तुटला."

म्हाताऱ्याने ऐकलं. खाली बघितलं. पुन्हा कधी आपल्या दारात आला नाही.

हात बसवणाऱ्याने कोपर बसवलं, पण ते घणाचं राहिलं नाही. तुम्ही एका शब्दाने वाळूवाल्याला दोष दिला नाहीत. "माझंच पाणी चुकलं, इझवताना जास्त कडक झाला आसंल," म्हणालात. जो येईल त्याला तेच सांगायचात. आणि परातीखाली राहिलेले सात हुक माझ्यापुढे ठेवलेत. "कोयते कर ह्याचे. कुनाच्या जिवावर नको." मी एकेक तापवून ठोकायला घेतला, तुम्ही हात गळ्यात बांधून समोर बसलात. ते लोखंड वाकेना, कुठे तडाही जाईना. घामाने डोळे झोंबत होते, ठोके बसत होते आणि ते वाकतच नव्हतं. चौथ्या हुकाला तुम्ही हळूच म्हणालात, "लोखंड चांगलं वाटतंय गं."

मी घण खाली ठेवला नाही. ठेवला असता तर तिथेच सांगितलं असतं. सातही ठोकले. तुम्हाला कळलं होतं का, हे मी पुढची अकरा वर्षं, तुम्ही गेलात तोवर, तुमच्या तोंडाकडे बघून शोधत होते. कळलं असेल तर तुम्ही मला मोकळं करायला हवं होतं, चार शिव्या देऊन. नुसतं जेवण वाढून घेतलंत, आणि भट्टी माझी झाली. मला हवी होती तशी नाही झाली. तुमचा हात गेला म्हणून झाली. मग जाणार कुठे? आजतागायत इथेच आहे.

काल एक ट्रकवाला आला. "मावशी, बंपरला भोकं तयार आहेत की, तिथंच आवळा. कशाला तास घालवताय?" मी त्याच्यावर अशी खेकसले की शेजारचा पंक्चरवाला उठून बघायला आला. "काढ गाडी, बंपरला लावणारे पुढे पुष्कळ बसलेत!" तो बिचारा गडबडला. "एवढं काय झालं मावशी?" आणि माझ्या तोंडातून तेच आलं, जे इतकी वर्षं येतंय. "माझ्या बापाचा हुक तुटला होता एकदा."

तुटला नव्हता. हे पहिल्यांदाच कुठेतरी लिहिते आहे. हा कागद उद्या खंडेनवमीच्या पूजेत पान्याखाली ठेवणार होते, पण तिथे कोणी उचलून वाचेल, म्हणून जाळते. आणि आबा, परवा कोणी विचारलं ना, तर मी पुन्हा तेच सांगेन.