बाबांच्या शर्टाची टोपी

अलास्का,
४ सप्टेंबर १९९७

ती. क्लोदेतताईस,
सा. न. वि. वि.

आईनं शिवलेली टोपी या वेळी उशिरा, काल पोचली. लाल-काळ्या चौकड्यांचा तो शर्ट मी लगेच ओळखला; बाबा बटाटे काढायला जाताना तोच घालत. ऑपरेशन थिएटरात हुडहुडी भरते, त्यामुळे डोक्यावर फ्लॅनेल असलेली मी सगळ्यांत सुखी. बाबा गेल्यापासून माझ्या दर नव्या नोकरीला त्यांच्या एका शर्टाची टोपी, हा आईचा नेम. आणि तीन महिन्यांची मुदत संपली की तिथं जी नर्स सर्वांत अडीनडीला धावली तिला ती टोपी देऊन यायची, हा माझा. आईला हे मुळीच पसंत नाही. बाबा जन्मात बँगोर शहराच्या पुढे गेले नाहीत आणि त्यांचे शर्ट टेक्सास, ॲरिझोना हिंडतायत, असं ती नाताळात म्हणाली होती.

फोन सोडून पत्र लिहिते, कारण तुमचा फोन स्वयंपाकघरात, आणि आईचे कान एरवी कितीही जड असोत, तिच्याबद्दल बोलणं निघालं की तिखट होतात. शिवाय फोनवर आपण दोघी भांडतो. तेव्हा खरं काय ते लिही. आतड्यातली गाठ केवढी आहे? जेवण जातं का? वजन किती उतरलं? रोज दुसऱ्यांच्या आया टेबलावर निजवते, पण स्वतःच्या आईचा विचार आला की हातातलं काम विसरते.

इथली मुदत दहा ऑक्टोबरला संपते आणि आईचं ऑपरेशन सोळाला, म्हणजे मी वेळेत पोचते. एकच घोर आहे. थिएटरच्या आम्ही दोघीच नर्स, त्यातली दुसरी बोटीच्या धक्क्यावर घसरून मनगट मोडून बसलीय. आमच्या या छोट्या बेटावर धुकं आलं की विमान उतरत नाही. अडलेली बाई आली तर तिला न्यायचं कुठं?

मुलांना पापे. मला विसरली नाहीस एवढं कळवत राहा.

तुझी,
इव्हेत

---

सेंट जॉन व्हॅली, मेन,
११ सप्टेंबर १९९७

चि. इव्हेतला,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. खरं लिही म्हणतेस, तर ऐक. आई अर्धी प्लॉयसुद्धा खात नाही. एरवी बकव्हीटच्या त्या पोळ्या ती लोणी लावून पाच-पाच उडवायची. स्कर्टला पिना लावते आणि मला म्हणते, कापडच सैल निघालं. डॉक्टरांनी लवकरची तारीख दिली होती, तर बाईसाहेबांनी सांगितलं की बटाटे निघाल्याशिवाय या व्हॅलीत कुणी मरतसुद्धा नाही, मग ऑपरेशन कसलं करता. डॉक्टरही इथलेच. हसले आणि तारीख पुढे ढकलली.

खरी गोष्ट निराळी आहे. ती घाबरलीय. एक्झिल्दाआत्या गळ्याच्या ऑपरेशनला गेली आणि उठलीच नाही, ते आईच्या मनातून जात नाही. तिचं म्हणणं, आत्या भुलीनं नाही गेली. डोळे मिटताना खोलीत आपलं माणूस नव्हतं म्हणून गेली. आता तिनं अट घातलीय की आत इव्हेत उभी असेल तरच टेबलावर चढेन. मी इथं रोज तिची उशी बदलते, तिला आंघोळ घालते, पण माझं नाव या अटीत नाही. असू दे.

आणखी एक ऐकून माझं तर डोकंच फिरलं. आपल्या हॉस्पिटलातली थिएटरची जुनी नर्स निवृत्त झाली आणि तिच्या जागी तीन महिन्यांच्या बोलीवर मिसिसिपीची कुणी ओडेसा प्रुइट आणलीय. अख्ख्या गावात तिच्या ओळखीचं कुत्रं नाही. आपल्या घरच्या फ्रेंचचा तिला गंध नाही आणि तिचं इंग्रजी आपल्याला कळत नाही. आई घाबरली की इंग्रजी विसरते हे तुला ठाऊक आहे. अशा उपऱ्या, आज इथं उद्या तिथं करणाऱ्या बाईच्या हाती आपली आई द्यायची? अशा लोकांना कुणाचं काय पडलेलं असतं?

रागावू नकोस. आईसमोर बोलता येत नाही, मग ते लेखणीतून बाहेर पडतं.

तुझी वाट पाहणारी,
क्लोदेत

---

अलास्का,
१७ सप्टेंबर १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि जेवण तसंच राहिलं. ताई, आज इथं उद्या तिथं करणारी ती उपरी बाई म्हणजे मीच की गं. या बेटावर माझ्या ओळखीचं तरी कुठं कुत्रं आहे? दर तीन महिन्यांनी नवी खोली, नवी कपाटं, नवे डॉक्टर. कैची कुठल्या खणात असते इथपासून शिकायचं. इथल्या लोकांची जन्माची ओळख. ते एकमेकांशी मासळीच्या गप्पा मारतात आणि मी भिंतीशी उभी असते.

पण एक काम मला सगळीकडे येतं. भूल देण्याआधी माणूस छताकडे बघू लागतो, तेव्हा मी त्याच्या डाव्या अंगाला जाऊन हात धरते आणि झोप लागेपर्यंत सोडत नाही. हे कुणी सांगावं लागत नाही. ओडेसाही करत असेल. करत असेलच, असं मी स्वतःला समजावते आणि पुन्हा घाबरते, कारण न करणाऱ्याही मी पाहिल्यात.

आईला अजून सांगू नकोस, पण मी आले तरी मला आत सोडणार नाहीत. रक्ताच्या नात्याच्या माणसाला थिएटरात उभं राहू देत नाहीत, आणि बरोबरच आहे. मी तिथं नर्स उरणार नाही, लेकच होईन. मी दारापर्यंत तिच्यासोबत चालेन, तिथं समजूत घालेन. आणि तुझं नाव अटीत नाही, कारण तू तिला श्वासासारखी आहेस. श्वासाची कुणी अट घालतं का?

ओडेसा कशी आहे ते बघून कळव. चेहऱ्यावरून नको, हातांवरून सांग.

तुझीच,
इव्हेत

---

अलास्का,
२० सप्टेंबर १९९७

ओडेसा प्रुइट यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, तरी हे पत्र आणि सोबतची टोपी जलद टपालानं पाठवते आहे. मीही आपल्यासारखीच थिएटरची फिरती नर्स. येत्या मंगळवारी आपल्या टेबलावर रोझ-आल्मा सिर नावाच्या बाई येतील. त्या माझ्या आई. ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं, पण परवा त्यांना उलट्या सुरू झाल्या, आतडं तुंबायला लागलं, आणि काल बहिणीचा फोन आला की आता थांबता येत नाही.

मी येऊ शकत नाही. इथं माझ्याशिवाय थिएटरात दुसरी नर्स नाही आणि पहिलटकरीण एक मुलगी आडवं मूल घेऊन वॉर्डात पडून आहे. धुक्यानं विमानं बंद आहेत; टपाल तेवढं बोटीनं निघतं, पण तिला त्या अवस्थेत बोटीतून नेता येत नाही. मी गेले तर तिचं काय होईल, हे आपल्याला सांगायला नको. बहिणीला सांगितलं तेव्हा तिनं फोन ठेवून दिला.

टोपी आईनंच शिवलेली आहे, माझ्या वडिलांच्या शर्टाची. मास्क लावल्यावर माणसाचं उरतं काय? डोळे आणि टोपी. निदान टोपी तरी त्यांच्या ओळखीची असावी, एवढ्यासाठी. घालाल का? आणि त्यांचा हात धराल का? घाबरल्या की त्यांना इंग्रजी सुचत नाही. उत्तर देता आलं नाही तरी चालेल, हात मात्र सोडू नका. खोटं काही बोला, असं मी सांगत नाही.

सांगायला संकोच वाटतो, पण परक्या गावी कुणाला विचारायचं हे आपल्याला माझ्याइतकंच ठाऊक असेल.

आपली ऋणी,
इव्हेत सिर

---

सेंट जॉन व्हॅली,
२६ सप्टेंबर १९९७

चि. इव्हेतला,
आशीर्वाद. (रागात आहे, तरी आशीर्वाद.)

ऑपरेशन पार पडलं हे फोनवर सांगितलंच. गाठ सबंध निघाली. आई उठून बसते, चिकनच्या रश्श्यातलं नुसतं पाणी पिते आणि त्यात मीठ कमी म्हणून मला बोलते, म्हणजे बरी आहे. पण फोनवर न सांगितलेलं एक आहे, कारण आई कॉटवरून ऐकत होती.

ती सगळ्यांना सांगतेय की इव्हेत आली होती. पाद्रीबाबांना सांगितलं, शेजारच्या ज्योर्जेतला सांगितलं, फरशी पुसणाऱ्या बाईला सांगितलं. माझी इव्हेत विमानानं आली, माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली, माझा हात धरला आणि कामाची म्हणून लगेच परतली. तू येत नाहीस हे ती आत जाईपर्यंत तिला सांगायला मी धजले नव्हते; आता तिथंच उभी राहून तिच्या पांघरुणाच्या घड्या घालत होते.

दुपारी ती ओडेसा मला जिन्यात गाठून रडायला लागली. म्हणाली, तू पाठवलेली टोपी तिनं घातली होती; आईनं तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि इव्हेत, आलीस का, म्हणून विचारलं. फ्रेंचमधलं तिला नाव तेवढं कळलं. तिनं मान हलवली. नाही म्हणवेना, असं म्हणाली. तिला वाटतंय नोकरी जाईल. मी तिला पाणी दिलं आणि पाठीवरून हात फिरवला.

पण तू हे काय करून ठेवलंस? आता मी गप्प राहिले तर आईशी रोज खोटं, आणि बोलले तर ओल्या टाक्यांवर घाव. ज्या भरवशावर ती टेबलावर चढली आणि परत उठली, तो भरवसाच पोकळ होता हे तिला कोण सांगणार? मी नाही सांगणार. टोपी तू पाठवलीस, तूच निस्तर. मला झोप नाही गं. तिला आपसूक कळलं तर ती आपल्या दोघींवर पुन्हा विश्वास ठेवील का?

(हातांवरून सांग म्हणाली होतीस. हात चांगले आहेत तिचे.)

क्लोदेत

---

सेंट जॉन व्हॅली,
९ ऑक्टोबर १९९७

चि. इव्हेतला,
आईचे खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. ती मी नव्हते, माफ कर, एवढं सांगायला तू चार पानं घालवलीस. क्लोदेत वाचून दाखवताना रडत होती, म्हणून चष्मा घेऊन मीच वाचलं. तुम्हा दोघींना मी काय आंधळी वाटले?

अगं, टोपी पाहून मला खरंच वाटलं की तू आलीस. तेवढ्यात तिनं माझा हात धरला. तुझे हात जन्मापासून बेडकासारखे गार. सुईणीनंसुद्धा म्हटलं होतं. हे हात ऊन होते आणि थरथरत होते. मग मी नीट पाहिलं. डॉक्टर आणि बाकीची पोरं एकमेकांशी बटाट्याच्या भावाबद्दल बोलत होती, सगळी एका शाळेतली. ही एकटी माझ्याजवळ, माझ्या नवऱ्याचा शर्ट डोक्यावर घालून, आणि डोळे डबडबलेले. मला वाटलं, ही माझ्याहून जास्त घाबरलीय. कुणाची तरी लेक आहे, हिला इथं कुणी हाक मारणारं नाही. तिचं नाव मला कुठं माहीत होतं? जे तोंडात बसलेलं होतं त्या नावानं हाक मारली. तिनं मान हलवली आणि हात थरथरायचा थांबला. मग माझीही भीती गेली. कधी झोप लागली कळलं नाही.

आणि गावभर का सांगितलं म्हणशील, तर त्या ज्योर्जेतनं चारचौघांत विचारलं होतं की रोझ-आल्माची नर्स लेक आईच्या वेळी कुठं आहे. आता तिचं तोंड बंद आहे. तू बंदच राहू दे.

क्लोदेतला मी सांगितलं की जिची उशी रोज हवी तिचं नाव अटीत घालत नाहीत. ती म्हणाली, हे इव्हेतनं मला आधीच लिहिलं होतं. म्हणजे माझ्यावर गेलीस.

त्या अडलेल्या मुलीला मुलगा झाला हे वाचून मेणबत्ती लावली. ओडेसा रविवारी आपल्याकडे जेवायला येते. प्लॉय तिला आवडत नाहीत, पण तसं म्हणत नाही. तिनं टोपी परत द्यायला आणली होती. मी घेतली नाही. बाबांचा शेवटचा शर्ट होता तो, आता कापड संपलं. तेव्हा त्या दुसऱ्या नर्सचं मनगट जुळेपर्यंत थांब, पण मग तू यायचं ते टोपी न्यायला नाही, नुसतं यायचं.

तिकडे एखादी म्हातारी टेबलावर पडल्या पडल्या तुला भलत्याच नावानं हाक मारील. तिची चूक काढू नकोस. ओ दे.

तुझी,
आई